स्पेनमधला पहिला हंगाम: बाहेरून आलेल्या बास्केटबॉलपटूचं रोजचं जगणं

स्पेनमध्ये खेळायला गेलेला खेळाडू नाताळात सामान बांधून परत येतो, तेव्हा कित्येकदा त्याच्या खेळात खोट नसते. जेवणाच्या वेळा जुळलेल्या नसतात, झोप अर्धवट होत असते, ओळखपत्र हातात नसल्यामुळे बँकेचं काम अडलेलं असतं आणि बचावात मागून कोण काय ओरडतंय हे अर्धा सेकंद उशिरा कळत असतं. या चारही गोष्टी ऑगस्टमध्ये, लीग सुरू होण्याआधीच्या सरावाच्या दिवसांतच मार्गी लावता येतात. हे सगळं भारतीय पासपोर्टवर जाणारा खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. कागदपत्रांचा भाग सोडला, तर बाकीचं कुठल्याही परदेशी खेळाडूला लागू पडेल.

आधी लीगची ओळख. पुरुषांमध्ये सगळ्यात वर १८ संघांची एसीबी. तिच्याखाली स्पॅनिश महासंघाच्या, म्हणजे एफईबीच्या लीग: प्रिमेरा, सेगुंदा आणि तेर्सेरा एफईबी. २०२४ पर्यंत त्यांची नावं लेब ओरो, लेब प्लाता आणि एबा अशी होती. जुने खेळाडू आणि प्रेक्षक अजून तीच वापरतात, म्हणून दोन्ही माहीत असावीत. महिलांमध्ये लीगा फेमेनिना, मग चॅलेंज, मग लीगा फेमेनिना २. युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टांसाठी जागा मोजक्या असतात आणि भारतीय पासपोर्ट त्यात मोडतो. म्हणून क्लबशी बोलताना पहिला प्रश्न पैशांचा नसावा. बाहेरच्या खेळाडूची जागा खरोखर रिकामी आहे का आणि ती तुमच्या नावावर कधी नोंदली जाणार, हे आधी विचारा.

सही करण्याआधी

स्पेनमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या नोकरीचे नियम १००६/१९८५ या शाही आदेशात आहेत. करार लेखी आणि ठरावीक मुदतीचा हवा, चाचणीचा काळ तीन महिन्यांपेक्षा जास्त नको, आठवड्याला किमान दीड दिवस विश्रांती आणि वर्षाला ३० दिवस रजा. छोट्या क्लबच्या पदाधिकाऱ्यांनाही हे सगळं माहीत असतंच असं नाही, म्हणून आदेशाचा क्रमांक लक्षात ठेवा.

पैशांची बोलणी करताना ‘नेतो’ की ‘ब्रुतो’ हे कागदावर लिहून घ्या. नेतो म्हणजे हातात पडणारी रक्कम, ब्रुतो म्हणजे कापण्याआधीची. समजा करारात महिना २००० युरो ब्रुतो आहे. स्पेनचे कर-रहिवासी नसलेल्या, युरोपाबाहेरच्या माणसाच्या पगारातून सरसकट २४ टक्के जातात, म्हणजे ४८०. सामाजिक सुरक्षेचे साडेसहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साधारण १३०. हाती राहतात १३९०. कर-रहिवासी ठरायला एका कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांहून जास्त मुक्काम लागतो. १५ ऑगस्टला पोहोचून पुढच्या मेच्या २० तारखेला निघालात, तर पहिल्या वर्षात १३९ दिवस भरतात आणि दुसऱ्या वर्षात १४०. दोन्हीकडे तुम्ही अनिवासीच राहता. परदेशी नोकरदारांसाठी असलेली कमी कराची खास सवलत व्यावसायिक खेळाडूंना २०१५ पासून मिळत नाही, त्यामुळे कुणी तिचं आमिष दाखवलं तर मान डोलावू नका.

‘थोडे खात्यात, थोडे पाकिटात’ असा प्रस्ताव आला तर नाही म्हणा. यात कायद्याचा प्रश्न आहेच, पण तुमच्या गुडघ्याचाही आहे. सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली की भरपाई मिळते ती कागदावर दाखवलेल्या पगाराच्या ७५ टक्के. नोंद ७०० युरोची आणि पाकिटात ८००, असं असेल तर दुखापतीच्या महिन्यात हातात येतील ५२५. पाकीट त्याच आठवड्यात बंद होतं.

घर, वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, विमानाची तिकिटं, जिमपर्यंतची ये-जा यातलं कोण काय भरणार, ते एकेक ओळीत लिहून घ्या. नुसतं ‘घर क्लबचं’ असं लिहिलेलं असलं, की जानेवारीत हीटरचं बिल तुमच्या दारात येतं. शिवाय वाद झालाच तर तो फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाकडे जाईल, असं कलम मागा. बाट या नावानं ओळखलं जाणारं हे न्यायाधिकरण २००७ पासून काम करतं. कलम नसेल तर त्या दाराशी जाता येत नाही आणि हंगाम संपल्यावर परक्या गावात वकील शोधत बसावं लागतं.

खालच्या लीगमधले बरेच क्लब परदेशी खेळाडूकडून लहान मुलांचं प्रशिक्षणही करून घेतात. मुलांचे गट असे: बेंखामिन, आलेविन, इन्फांतिल, कादेते, जुनिओर. आठवड्याला किती तास आणि कुठला गट, हे करारात हवं. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाला लैंगिक गुन्ह्यांची नोंद नसल्याचा दाखला स्पेनमध्ये सक्तीचा आहे आणि परदेशी माणसाला आपल्या देशाचा पोलिस दाखलाही द्यावा लागतो. तो दाखला भारतातून निघण्याआधीच काढा, परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण, करून घ्या आणि शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये आणा. तिथे पोहोचल्यावर हे करायला घेतलं तर महिने जातात.

शेवटचा कागद म्हणजे फिबाचं सोडपत्र, ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’. तुम्ही ज्या देशात शेवटचं खेळलात तिथल्या महासंघाकडून ते येतं. ते नसेल तर लायसन्स, म्हणजे महासंघाचा खेळण्याचा परवाना, निघत नाही आणि लायसन्स नसेल तर बाकावरही बसता येत नाही.

तिथे उतरल्यावर, क्रमाने

ऑगस्टमध्ये स्पेनमधली कचेऱ्यांतली निम्मी माणसं सुट्टीवर असतात आणि सप्टेंबरात गावोगावी जत्रा. म्हणून उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात कामाला लागा.

सुरुवात नगरपालिकेपासून करा. तिथल्या रहिवासी नोंदीला ‘पाद्रोन’ म्हणतात. पासपोर्ट आणि घराचा करार लागतो. घर क्लबच्या नावावर असेल तर क्लबचं संमतिपत्र. या नोंदीचा दाखला पुढे सगळीकडे लागतो. मग पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ‘तिए’ म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र. त्यासाठी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, तिला ‘सिता प्रेविया’ म्हणतात. सोबत ईएक्स-१७ हा अर्ज, ७९० फॉर्मच्या ०१२ कोडचं शुल्क बँकेत भरल्याची पावती, फोटो, पासपोर्ट आणि पाद्रोनचा दाखला न्या. कायद्याने मुदत एका महिन्याची आहे. ठसे दिल्यावर पावती मिळते, कार्ड यायला महिना-दीड महिना लागतो. ‘निए’ हा तुमचा ओळख क्रमांक बहुधा व्हिसावरच छापलेला असतो, त्यामुळे कार्डाची वाट न बघता तो क्रमांक वापरायला लागा. कार्ड आलेलं नसताना नाताळात घरी जायचं असेल, तर ‘आउतोरिसासियोन दे रेग्रेसो’ हे परतीचं परवानगीपत्र आधी काढा. ते नसेल तर परतताना विमानतळावर अडकाल.

मराठी माणसांची इथे हमखास होणारी अडचण नावाची. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, रीतीप्रमाणे आधी वडिलांचं आणि मग आईचं. आपलं नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं तीन भागांचं नाव पाहिलं, की कारकून मधलं नाव पहिलं आडनाव म्हणून टाकतो. मग लायसन्सवर एक नाव, सामाजिक सुरक्षेत दुसरं आणि बँकेत तिसरं. पगार अडतो, विम्याचा दावा परत येतो. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे तेच पहिलं आडनाव, वडिलांचं नाव तुमच्या नावाच्याच रकान्यात आणि दुसऱ्या आडनावाची जागा रिकामी, असं प्रत्येक अर्जावर बोट ठेवून सांगा. छापील कागद हातात आला की खिडकीपाशीच उभं राहून वाचा.

फोनचं कार्ड पासपोर्टवर लगेच मिळतं. खातं उघडल्यावर ‘बिझुम’ चालू करा. त्याचं काम आपल्या यूपीआयसारखं, आणि संघातली वर्गणी, जेवणाचा हिस्सा, उशिराचा दंड सगळं त्यावरच चालतं.

घर, वीज आणि तवा

क्लबच्या घराला ‘पिसो’ म्हणतात. बहुतेकदा दोघं-तिघं खेळाडू मिळून राहतात. किल्ली घेताना प्रत्येक खोलीचा, गादीचा आणि भिंतीवरच्या डागाचा तारीख दिसेल असा फोटो काढून क्लबला पाठवून ठेवा.

विजेचं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. प्रत्येक घराला ठरावीक किलोवॅटचीच परवानगी असते, जुन्या घरांत पुष्कळदा ३.४५. ओव्हन २, कपड्यांचं मशीन २ आणि हीटर दीड किलोवॅट एका वेळी लावले तर बेरीज साडेपाचवर जाते आणि सगळं घर अंधारात. फ्यूज उडालेला नसतो, मीटरनेच पुरवठा तोडलेला असतो. सगळी यंत्रं बंद करा, मुख्य खटका खाली पाडा, काही सेकंद थांबा आणि वर करा. बिल वेळेनुसार बदलणारं असेल तर सर्वांत महाग वीज कामाच्या दिवशी सकाळी १० ते २ आणि संध्याकाळी ६ ते १०, सर्वांत स्वस्त रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार दिवसभर. सरावाचे घामट कपडे रविवारी धुवा. आपला जाड, तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो.

स्वयंपाकघरात बहुधा काचेची सपाट शेगडी असते. घरून नेलेला खोलगट तवा तिच्यावर मधोमध टेकतो, कडा थंड राहतात आणि पोळी मध्ये करपून कडेला कच्ची राहते. फुलका फुगवायला ज्योतही नसते. तळ पूर्ण सपाट असलेला लोखंडी तवा न्या, तो साध्या काचेच्या आणि इंडक्शनच्या, दोन्ही शेगड्यांवर चालतो. फुलका तव्यावरच स्वच्छ फडक्याने कडेकडेने दाबला की फुगतो. सुपरमार्केटमधल्या ‘आरीना इंतेग्राल’मध्ये कोंडा जाडसर असतो, त्यामुळे लगेच लाटलं तर पोळी फाटते. कोमट पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवा. नेहमीची कणीक हवी असेल तर माद्रिदचं लावापिएस किंवा बार्सिलोनाचं राव्हाल इथल्या दक्षिण आशियाई दुकानांत मिळते.

घड्याळ

सगळ्यात जास्त खेळाडू इथे गडबडतात. दुपारचं जेवण २ ते साडेतीन, रात्रीचं ९ नंतर. उपाहारगृहांची स्वयंपाकघरं दुपारी ४ च्या सुमाराला बंद होतात आणि रात्री साडेआठच्या आधी उघडत नाहीत. छोट्या गावात दुकानंही दुपारी २ ते ५ बंद, रविवारी जवळपास सगळंच बंद. शनिवारी रात्रीच्या सामन्यानंतर घरात काही नसेल तर सोमवार सकाळपर्यंत हाल होतात. शुक्रवारीच बाजार उरका.

नेहमीचा दिवस असा: सकाळी साडेनऊच्या सुमाराला वजनं आणि नेमबाजी, संध्याकाळी सातच्या सुमाराला ‘पाबेयोन’मध्ये, म्हणजे क्लबच्या बंदिस्त क्रीडागृहात, दोन तास संघाचा सराव. घरच्यासारखं बाराला जेवून मग रात्रीपर्यंत काही न खाणाऱ्याचे पाय सरावाच्या दुसऱ्या तासात जड होतात. भाताचं मोठं जेवण २ वाजता घ्या. मग २०-३० मिनिटांची झोप. तासभर झोपलात तर रात्री डोळा लागत नाही. साडेपाचला ‘मेरिएंदा’, म्हणजे आपल्या चारच्या खाण्यासारखं: दोन केळी, दह्यात ओट्स किंवा मध लावलेला पाव. सराव संपल्यावर दहाच्या आत जेवण.

रविवारी सामने दुपारी बारा-साडेबारालाही असतात. त्या दिवशी साडेआठला पोटभर खायला हवं आणि स्पॅनिश न्याहारी म्हणजे कॉफी आणि टोस्ट. परगावी हॉटेलात असाल तर आदल्या रात्रीच संघाच्या ‘देलेगादो’ला सांगून अंडी, भात किंवा पास्ता मागवून ठेवा. देलेगादो हा संघाचा व्यवस्थापक. लायसन्स, बस, खोल्या, जेवण, डॉक्टरची वेळ सगळं त्याच्या हातात असतं. प्रशिक्षकाआधी त्याच्याशी ओळख वाढवा.

प्रवास लांबचे असतात. लुगोहून मुर्सियाला जायचं तर ९०० किलोमीटरच्या वर, तेही बसने. साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटं थांबावंच लागतं, खाणं तेव्हाच. कानारी बेटांवरचं घड्याळ मुख्य भूमीच्या एक तास मागे असतं. सामन्याची वेळ कुठल्या घड्याळाने लिहिली आहे ते विचारून घ्या.

शाकाहारी असाल तर

‘मांस नको’ एवढं म्हटलं तर खामोन, म्हणजे डुकराचं सुकवलेलं मांस, आणि ट्यूना ताटात येऊ शकतात, कारण बोलीत ‘कार्ने’ म्हणजे मटणाचा-चिकनचा तुकडा. पूर्ण वाक्य पाठ करा: “नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन.” मिक्स सॅलडवर ट्यूना असतो, मसुरीत चोरिसो नावाचं सॉसेज, फरसबीत खामोन, सालमोरेखो या गार टोमॅटो-सारावरही खामोनचा चुरा. पोल्वोरोन, एन्साइमादा अशा गोड पदार्थांत डुकराची चरबी असते. बसमधल्या पावासाठी देलेगादोला ‘तोर्तिया फ्रांसेसा कोन केसो’, म्हणजे चीज घातलेलं ऑम्लेट, सांगून ठेवा. अंडीही नको असतील तर डबा स्वतःचा.

प्रथिनं स्वस्तात मिळतात. काचेच्या बरणीतले शिजवलेले काबुली चणे निथळून ४०० ग्रॅम भरतात आणि त्यात ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ‘केसो फ्रेस्को बातिदो’ हा चक्क्यासारखा पदार्थ, त्याच्या अर्धा किलोच्या डब्यात जवळपास ४० ग्रॅम. बारीक तपकिरी ‘पार्दिना’ मसूर न भिजवता शिजते. तिची लसूण-जिऱ्याची आमटी आणि भात हे सामन्याआधीचं उत्तम जेवण आहे. हिंग आणि गोडा मसाला मात्र घरूनच न्या.

कोर्टवरची भाषा

व्याकरण नंतर शिका. आधी तीस शब्द कानात बसवा, कारण बचाव पूर्णपणे बोलण्यावर चालतो. तुम्ही चेंडू असलेल्या गार्डसमोर वाकून उभे आहात आणि त्यांचा उंच खेळाडू तुमच्या उजव्या खांद्यामागे स्क्रीन लावायला, म्हणजे अंगाने तुमची वाट अडवायला येतोय. तुम्हाला तो दिसत नाही. तुमचा ‘पीबोत’, म्हणजे सेंटर, ओरडतो: “ब्लोकेओ देरेचा!” म्हणजे स्क्रीन उजवीकडून. पाठोपाठ “काम्बियो!” म्हणजे माणसं बदला, किंवा “पोर देत्रास!” म्हणजे स्क्रीनच्या मागून जा. ‘देरेचा’ म्हणजे उजवं की डावं असा विचार मनात आला तरी गार्ड निसटलेला असतो. डावीकडे म्हणजे ‘इस्किएर्दा’. हे दोन शब्द घरी आरशासमोर हात हलवत घोकावेत, अगदी पाढ्यांसारखे.

पाच जागा: बासे (पॉइंट गार्ड), एस्कोल्ता (शूटिंग गार्ड), आलेरो (स्मॉल फॉरवर्ड), आला-पीबोत (पॉवर फॉरवर्ड), पीबोत (सेंटर). मदतीला ‘आयुदा’, रिबाउंडला ‘रेबोते’, बॅकडोअरला, म्हणजे बचावपटूच्या पाठीमागून बास्केटकडे घुसण्याला, ‘पुएर्ता आत्रास’, हातातून हातात पासला ‘मानो आ मानो’, फास्टब्रेकला ‘कोंत्राआताके’. “बालान्से!” ऐकलं की वळून मागे धावा. चालण्याच्या चुकीला ‘पासोस’, डबल ड्रिबलला ‘दोब्लेस’, चेंडू मागच्या अर्ध्यात नेला तर ‘काम्पो आत्रास’, टाइमआउटला ‘तिएम्पो मुएर्तो’. हॉर्न्स मांडणीला ‘कुएर्नोस’ म्हणतात. नियम फिबाचेच, त्यामुळे तिथे नवं शिकण्यासारखं काही नाही. चुकीचा उच्चार झाला तरी मोठ्याने बोला. गप्प राहणाऱ्या बचावपटूवर स्पॅनिश प्रशिक्षक लवकर विश्वास टाकत नाहीत. कातालुन्या, गालिसिया किंवा बास्क प्रदेशात असाल तर ‘बोन दिआ’, ‘बोस दिआस’, ‘एगुन ओन’ एवढं सकाळचं अभिवादन स्थानिक भाषेत करा. लोक मनापासून आनंदतात.

औषधं आणि दुखापत

करार असलेल्या खेळाडूची दुखापत म्हणजे कामावरचा अपघात. सरकारी दवाखान्यात न जाता क्लबच्या ‘मुतुआ’कडे, म्हणजे अपघात विमा सांभाळणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यात जा आणि जाताना क्लबकडून अपघाताचा लेखी अहवाल घ्या. डॉक्टर ‘बाखा’ देतो, म्हणजे कामावरून सुट्टी, आणि बरं झाल्यावर ‘आल्ता’, म्हणजे कामावर परतायची परवानगी. आल्ता मिळण्याआधी कुणाच्या आग्रहाखातर खेळलात तर विम्याचं संरक्षण धोक्यात येतं. नोकरीचा करार नसून फक्त लायसन्स असेल तर महासंघाचा क्रीडाविमा लागू होतो आणि त्याची रुग्णालयं ठरलेली असतात. त्यांची यादी फोनमध्ये ठेवा. जिवावर बेतलं तर थेट ११२.

घरून नेलेल्या औषधांची आणि पावडरींची पिशवी पहिल्याच दिवशी संघाच्या डॉक्टरला दाखवा. आयुर्वेदिक चूर्ण किंवा प्रोटीन पावडर निषिद्ध द्रव्याने दूषित असली तरी जबाबदारी खेळाडूचीच धरतात. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापुढे सामन्याच्या काळात निषिद्ध आहे आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून सामन्याच्या काळात सरसकट. दम्याच्या साल्ब्युटामॉल पंपाची मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम, त्यातही कुठल्याही ८ तासांत ६००. जास्त लागत असेल तर उपचारासाठीची सूट आधी मंजूर करून घ्यावी लागते.

निघताना

शेवटच्या सामन्यानंतर लगेच विमानात बसू नका, चार दिवस हाताशी ठेवा. क्लबकडून वर्षभराच्या ‘नोमिना’, म्हणजे पगारपत्रकं, आणि कापलेल्या कराचा दाखला घ्या. भारत आणि स्पेनमध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण हा दाखला नसेल तर त्याचा उपयोग करून घेता येत नाही. पाद्रोनमधून नाव काढा, घराचे पुन्हा फोटो काढून किल्ली लेखी पोच घेऊन द्या. उरलेले हप्ते कुठल्या तारखांना येणार ते ईमेलवर लिहून घ्या आणि ते पूर्ण जमा होईपर्यंत स्पॅनिश बँकेचं खातं चालू ठेवा.